बडतर्फी न्यायालयात का टिकत नाही

कामगाराला कामावरून काढण्याचा मालकाचा अधिकार भारतीय कायद्याने कधीच काढून घेतलेला नाही. तो कसा वापरावा, एवढेच कायदा सांगतो. औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 येण्यापूर्वी नोकरी हा निव्वळ करार होता. मालकाने तो मोडला तर कामगाराला फार तर नोटिशीच्या मुदतीचा पगार मिळे, गेलेली नोकरी परत मिळत नसे. 1949 मध्ये मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनच्या खटल्यात फेडरल कोर्टाने हा पाया बदलला. काढलेल्या माणसाला पुन्हा कामावर घ्यावे की नाही हादेखील औद्योगिक विवाद ठरतो आणि न्यायाधिकरण तसा आदेश देऊ शकते, असा तो निकाल होता. पुढे 1965 मध्ये कायद्यात कलम 2-अ आले आणि युनियन पाठीशी नसलेल्या एकट्या कामगारालाही आपल्या बडतर्फीविरुद्ध दाद मागता येऊ लागली.

न्यायाधिकरणाने मालकाच्या निर्णयात किती खोल शिरावे, हा प्रश्न मात्र बरीच वर्षे चालला. 1950च्या दशकात इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपाला मोजकीच कारणे ठेवली होती: मालकाचा हेतू प्रामाणिक नसणे, सूडबुद्धी, नैसर्गिक न्यायाचा भंग किंवा मुळातली चूक, आणि पुराव्याला सोडून काढलेला निष्कर्ष. चौकशी नीट झाली असेल तर शिक्षा कडक वाटली तरी न्यायाधिकरणाचे हात बांधलेले असत. 1947च्या कायद्यात 15 डिसेंबर 1971 पासून लागू झालेल्या कलम 11-अ ने ते मोकळे केले. पुरावा पुन्हा तपासण्याचा आणि शिक्षा जास्त असल्यास ती कमी करण्याचा अधिकार कामगार न्यायालयाला मिळाला. महाराष्ट्रात याच्या जोडीला राज्याचा स्वतंत्र कायदा आहे. कामगार संघटनांना मान्यता देणारा आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा 1971चा हा कायदा सप्टेंबर 1975 मध्ये अमलात आला. त्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकाने काय करू नये याची यादीच आहे. सूडबुद्धीने काढणे, खोट्या कारणाने काढणे, बिनपरवाना गैरहजेरीचे रचलेले आरोप ठेवणे, नैसर्गिक न्याय डावलून घाईने चौकशी उरकणे आणि किरकोळ गैरवर्तनासाठी धक्कादायक शिक्षा देणे या गोष्टी तिच्या पहिल्याच कलमात येतात. अशा बडतर्फीची तक्रार 90 दिवसांत कामगार न्यायालयात करता येते. निकाल लागेपर्यंत अंतरिम आदेशही मागता येतो.

या कायद्यांखालच्या निकालांचा ढीग चाळला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. अनेक खटल्यांत कामगार निर्दोष ठरलेला नसतो, तरीही मालक हरतो. मशीनवर झोपलेला, दांडी मारलेला किंवा पैशांत गडबड केलेला माणूस कामावर परत येतो, कारण त्याला काढताना काय आणि कसे केले याचा कागद मालकाकडे नसतो, किंवा असलेला कागदच मालकाविरुद्ध बोलतो.

सुरुवात आरोपपत्रापासून होते. ज्या कृत्यासाठी शिक्षा द्यायची ते कारखान्याच्या स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांत, गैरवर्तन म्हणून नोंदलेले असले पाहिजे. ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या 1983च्या खटल्यात संपाच्या दिवसांतला प्रकार होता. कामावर येणाऱ्यांसाठी कंपनीने ठरवलेल्या बसमध्ये चढून संपकऱ्यांनी धाकदपटशा केल्याचा आरोप होता. कंपनीच्या स्थायी आदेशात मात्र ‘कारखान्याच्या आवारात किंवा त्याच्या लगत’ घडलेले गैरवर्तन एवढेच शब्द होते. बस कुठेही असो, कामाशी संबंध आहे तेवढा पुरे, हा कंपनीचा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला. शिक्षेची तरतूद ओढूनताणून लांबवता येत नाही, हा निकालाचा गाभा. ज्या मालकांनी स्थायी आदेश कुठून तरी उतरवून कपाटात ठेवले आहेत, त्यांनी ते निदान एकदा आपल्या कारखान्याच्या नजरेने वाचावेत. कंपनीची वाहने, वसाहत, ग्राहकाच्या जागेवरचे काम, मोबाइलवरचे गट अशा जागा त्यांत आहेत का, हे भांडण पेटण्यापूर्वीच पाहिलेले बरे.

आरोपपत्रानंतर चौकशी. बंगालमधल्या मीनग्लास चहामळ्याचा 1963चा निकाल आजही चौकशी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात सांगितला जातो. मळ्याच्या व्यवस्थापकांना कामगारांनी घेरले आणि मारहाण केली, असा आरोप होता. चौकशीला बसले तेच व्यवस्थापक. त्यांनी कामगारांना प्रश्न विचारले, पण व्यवस्थापनाच्या बाजूने एकही साक्षीदार तपासला नाही. जो स्वतः साक्षीदार आहे तो न्यायनिवाडा करू शकत नाही आणि आधी मालकाने आपला पुरावा मांडायचा असतो, या दोन साध्या गोष्टी चुकल्याने ती चौकशी रद्द झाली. छोट्या कारखान्यात हा पेच नेहमीच येतो. मालक, मॅनेजर आणि तक्रारदार मिळून दोन-तीनच माणसे असतात. तिथे बाहेरचा चौकशी अधिकारी नेमणे खर्चिक वाटते, पण दहा वर्षांच्या खटल्यापुढे तो खर्च काहीच नाही.

चौकशीत दोन्ही बाजूंचे बळ सारखे असावे, हा मुद्दा मुंबई बंदराच्या एका खटल्यातून पुढे आला. बंदराच्या विश्वस्त मंडळाने आपली बाजू मांडायला कायद्याची जाण असलेले अधिकारी उभे केले आणि कर्मचाऱ्याला मात्र वकील नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने 1980च्या दशकाच्या सुरुवातीला दिलेल्या या निकालात म्हटले की, अशा वेळी कर्मचाऱ्यालाही वकील द्यावाच लागतो. म्हणजे वकील देणे नेहमी बंधनकारक नाही, पण समोर वकील उभा केला की तो नाकारता येत नाही. 1993 मध्ये इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या खटल्यात घटनापीठाने आणखी एक पायरी सक्तीची केली. चौकशी अधिकाऱ्याच्या अहवालाची प्रत शिक्षा ठरवण्यापूर्वी कर्मचाऱ्याला मिळाली पाहिजे आणि त्यावर त्याचे म्हणणे घेतले पाहिजे. प्रत दिली नाही म्हणून बडतर्फी आपोआप पडत नाही. तिच्याअभावी नुकसान झाले का, हे न्यायालय पाहते. पण एवढ्या साध्या पायरीसाठी तो धोका पत्करण्यात शहाणपण नाही.

निलंबनाच्या काळातला निर्वाह भत्ता हा अनेकांना हिशेबाचा तपशील वाटतो. भारत गोल्ड माइन्सच्या 1999च्या निकालाने तो चौकशीच्या मुळाशी नेऊन ठेवला. खाणीतल्या एका सुरक्षा अधिकाऱ्याला निलंबित करून भत्ता दिला गेला नाही. पैशांअभावी तो चौकशीला पोहोचू शकला नाही, आणि चौकशी एकतर्फी उरकून त्याला काढले गेले. उपाशी माणसाला बचाव करता येत नाही, या कारणाने न्यायालयाने ती चौकशीच दूषित ठरवली. स्थायी आदेशांच्या कायद्यात हा भत्ता पहिल्या 90 दिवसांसाठी पगाराच्या निम्मा आणि त्यानंतर, विलंब कामगारामुळे झालेला नसेल तर, 75 टक्के होता.

घाई किती महागात पडते याचे अलीकडचे उदाहरण गोव्यातले आहे. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाविरुद्ध लैंगिक छळाच्या तक्रारी आल्या. 2009 मध्ये समितीने बैठकांवर बैठका घेत प्रकरण काही आठवड्यांत संपवले, आणि शेवटी नोकरी गेली. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. आरोप खोटे होते असे न्यायालयाने म्हटले नाही. बचावाला पुरेसा वेळ दिला नाही एवढ्याच कारणाने चौकशी पुन्हा करायला पाठवली. याचा सर्वांत जास्त त्रास तक्रार करणाऱ्यांनाच होतो, कारण चौदा वर्षांनी त्यांना सगळे नव्याने उगाळावे लागते. लैंगिक छळाची तक्रार गांभीर्याने घेणे म्हणजे ती झटपट निकालात काढणे नव्हे.

चौकशी म्हणजे कोर्टाची प्रतिकृती नव्हे, हेही तितकेच खरे. 1977 मध्ये हरियाणा राज्य परिवहनाच्या एका कंडक्टरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले. तपासणी पथकाला बसमध्ये भाडे देऊनही तिकीट न मिळालेले प्रवासी सापडले होते. त्यांना चौकशीत साक्षीला बोलावले नाही, हा कंडक्टरचा आक्षेप होता. पुरावा कायद्याचे काटेकोर नियम खातेनिहाय चौकशीला लागू नाहीत, निष्कर्षामागे काहीतरी विश्वासार्ह पुरावा असला की पुरे, असे न्यायालयाने म्हटले आणि बडतर्फी कायम ठेवली. कंडक्टरांच्या पुढच्या खटल्यांतही रक्कम किती किरकोळ हे पाहायचे नाही, विश्वास मोडला का हे पाहायचे, हीच भूमिका राहिली. तेव्हा न्यायालये नेहमी कामगारांच्या बाजूने झुकतात हा उद्योजकांमधला समज निकाल वाचल्यावर टिकत नाही.

आरोप सिद्ध झाल्यावर शिक्षा किती, हा सर्वांत नाजूक टप्पा. महाराष्ट्रातले दोन खटले शेजारी ठेवले तर तो चांगला समजतो. दोन्हींत आरोप एकच, कामाच्या वेळी झोपण्याचा. कलर-केम कंपनीत रात्रपाळीला पहाटे साडेतीनच्या सुमारास अचानक तपासणी झाली तेव्हा यंत्र चालू होते आणि ते चालवणारे झोपलेले होते. आरोप सिद्ध झाला आणि कंपनीने दोघांना बडतर्फ केले. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूने निकाल दिला. गैरवर्तन गंभीर नाही असे न्यायालयाने म्हटले नाही. कृत्य आणि आजवरची नोकरी पाहता बडतर्फी हे फार मोठे टोक आहे आणि इतकी अवाजवी शिक्षा ही कायद्याच्या नजरेत सूडबुद्धीच, मालकाच्या मनात प्रत्यक्ष आकस असो वा नसो, असा त्याचा तर्क होता.

दुसरा खटला पुण्याच्या भारत फोर्जचा. 1983च्या ऑगस्टमध्ये दिवसाढवळ्या एक मदतनीस कामाच्या जागी लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला सापडला. यापूर्वी तीन वेळा त्याच्यावर गैरवर्तनाची कारवाई होऊन त्याला हलकी शिक्षा किंवा सूट मिळालेली होती. कामगार न्यायालयाने बडतर्फी अवाजवी ठरवली होती. प्रकरण पायरीपायरीने वर गेले आणि जानेवारी 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी योग्य ठरवली. वारंवार संधी मिळूनही तीच वागणूक राहिली, हे निर्णायक ठरले.

इथे भारत फोर्जच्या हाती आधीच्या तीन प्रसंगांची नोंद होती. ताकीद तोंडी दिली असती, ‘जाऊ द्या, पुन्हा करू नको’ म्हणून सोडले असते, तर चौथा प्रसंग कागदावर पहिलाच ठरला असता. मालकाने दाखवलेली माया कागदावर उतरली नाही तर ती न्यायालयाला दिसत नाही. मराठी मुलखातल्या लहान कारखान्यांत माणसामाणसांचे संबंध घरच्यासारखे असतात. तिथे मेमो देणे दुष्टपणाचे वाटते. प्रत्यक्षात वेळेवर दिलेला मेमो कामगारालाही सावध करतो आणि पुढचे टोक टाळतो. शिक्षेचा आदेश लिहिताना सेवेची वर्षे, आधीची शिक्षा, सौम्य शिक्षेचा विचार झाला का आणि ती का पुरेशी नाही, हे दोन परिच्छेदांत लिहिले असेल तर तो आदेश बराच भक्कम होतो.

चौकशी सदोष ठरली म्हणून सगळे संपत नाही. फायरस्टोन टायर कंपनीच्या 1973च्या निकालाने मालकाला न्यायाधिकरणासमोर नव्याने पुरावा देऊन आरोप सिद्ध करण्याची मुभा कायम ठेवली. पण ती मागावी लागते. ती कधी मागायची यावरून पुढे बरेच मतभेद झाले. 2001 मध्ये कर्नाटक राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या खटल्यात घटनापीठाने सांगितले की, मालकाने ही विनंती आपल्या लेखी कैफियतीतच करावी. वकिलाला कागद देताना ही एक ओळ विसरणे फार महाग पडू शकते.

आता ज्या खटल्यांत मुळी चौकशीच होत नाही, त्यांच्याकडे वळायला हवे. ‘आठ दिवस न सांगता गैरहजर, म्हणून नाव पटावरून कमी’ ही पद्धत सर्रास चालते. जे.एम.ए. इंडस्ट्रीजच्या स्थायी आदेशांत तशी तरतूदही होती. कामगाराचे म्हणणे असे की, तो रोज येत होता आणि त्याला फाटकावरच अडवले जात होते. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, रोजगार हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. स्थायी आदेशात लिहिले असले तरी म्हणणे ऐकल्याशिवाय नाव कमी करता येत नाही. कामगाराला निम्म्या थकीत पगारासह परत घेण्याचा आदेश झाला. गैरहजर माणसाच्या ज्ञात पत्त्यावर नोटिसा पाठवणे, परत आलेली पाकिटे जपून ठेवणे, प्रसंगी वर्तमानपत्रात नोटीस देणे आणि मग एकतर्फी का होईना चौकशी करणे, एवढे करावेच लागते.

कामगार कपातीचे प्रकरणही असेच. आधीच्या बारा महिन्यांत 240 दिवस काम केलेल्या कामगाराला कमी करायचे तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. तो काढतानाच द्यावा लागतो, नंतर नाही. मुंबईच्या जे.जे. समूह रुग्णालयांतल्या वॉर्ड सेवकांना हे न देता कमी केले गेले. 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कपात अवैध ठरवली, आणि सरकारी रुग्णालयही या कायद्यातून सुटत नाही हेही सांगितले. 1976च्या स्टेट बँकेच्या खटल्यात नेमणूक अवघ्या नऊ दिवसांची होती आणि मुदत संपताच ती आपोआप संपते असे पत्रात लिहिले होते. आधीचे तुटक दिवस धरून 240 भरत होते, म्हणून तीही कपातच ठरली. मुदतीच्या कराराला यातून वगळणारी दुरुस्ती 1984 मध्ये आली, पण काम कायमचे आणि नेमणूक तात्पुरती असेल तर ती ढाल लंगडी पडते. दिवस मोजताना पगारी सुट्ट्या आणि रविवारही धरायचे, हे अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या 1985च्या निकालाने ठरवले. 240 दिवस भरल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी कामगाराची. पण तो शपथेवर सांगतो आणि हजेरीपट मागतो, आणि मालक ते दाखवत नाही, तेव्हा पारडे फिरते.

महाराष्ट्रात बदली, रोजंदारी आणि हंगामी माणसांना वर्षानुवर्षे तसेच ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणे हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. बसगाड्या धुणाऱ्या कामगारांच्या खटल्यात एसटी महामंडळाने 2006च्या घटनापीठाच्या निकालाचा आधार घेतला होता. मागच्या दाराने आलेल्यांना सरकारी नोकरीत कायम करता येत नाही, असा तो निकाल. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अनुचित प्रथा सिद्ध झाली तर औद्योगिक न्यायालयाचा कायम करण्याचा अधिकार त्या निकालाने जात नाही.

हे संरक्षण कुणाला, याबाबतही गैरसमज आहेत. व्हिजिटिंग कार्डावर ‘ऑफिसर’ छापल्याने माणूस कायद्याच्या कक्षेबाहेर जात नाही. मुंबईच्या सिबा-गायगी कंपनीच्या 1985च्या खटल्यात न्यायालयाने हुद्दा बाजूला ठेवून रोजचे मुख्य काम काय ते पाहिले, आणि ते कारकुनी असल्याने त्या कर्मचाऱ्याला कामगार ठरवले. उलट, गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या 1988च्या खटल्यात शिक्षक हे 1947च्या कायद्याखाली कामगार नाहीत असे ठरले. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या शिक्षकांसाठी 1977च्या कायद्याने स्वतंत्र शाळा न्यायाधिकरण आहे.

शेवटचा आकडा थकीत पगाराचा. 1978च्या हिंदुस्तान टिन वर्क्सच्या निकालाने बेकायदा काढलेल्या माणसाला पूर्ण पगार हा सामान्य नियम सांगितला, जरी त्या खटल्यात प्रत्यक्षात 75 टक्के दिले गेले. नंतरच्या काही निकालांनी, 2007च्या जे.के. सिंथेटिक्ससह, तो आपोआप मिळत नाही असे म्हटले, आणि रोजंदारीवरच्या माणसाला परत घेण्याऐवजी ठोक भरपाई देण्याकडे कल वाढला. 2013 मध्ये मराठवाड्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काटा पुन्हा सावरला. आपण दुसरीकडे कमावत नव्हतो एवढे कर्मचाऱ्याने सांगावे, तो कमावत होता हे मालकाने सिद्ध करावे. आठ वर्षांच्या सेवेला कपातीची कायदेशीर भरपाई 120 दिवसांच्या पगाराएवढी होते. ती न देता काढले आणि खटला दहा वर्षे चालला, तर पूर्ण थकबाकी 120 महिन्यांची. शिवाय परत घेण्याच्या आदेशाविरुद्ध मालक उच्च न्यायालयात गेला, तर कामगार दुसरीकडे नोकरीत नसल्यास तिथले प्रकरण चालू असेपर्यंत त्याला शेवटचा पगार दरमहा द्यावा लागतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली आणि 1947चा कायदा, स्थायी आदेशांचा कायदा आणि कामगार संघटनांचा 1926चा कायदा तिच्यात विलीन झाले. महाराष्ट्राचा 1971चा कायदा या तीन रद्द कायद्यांत नाही. संहितेने न्यायाधिकरण दोन सदस्यांचे केले, बडतर्फीविरुद्ध थेट अर्जाची मुदत तीनवरून दोन वर्षांवर आणली, आणि निलंबनानंतरची चौकशी साधारण 90 दिवसांत संपवावी असे म्हटले. अवाजवी शिक्षा बदलण्याचा न्यायाधिकरणाचा अधिकार तिच्यात तसाच आहे, कपातीची नोटीस आणि 15 दिवसांची भरपाईही तशीच. स्थायी आदेशांची सक्ती मात्र आता 300 कामगारांपासून पुढे आहे. त्याखालच्या कारखान्यांत गैरवर्तन म्हणजे काय, हे नेमणूकपत्रात आणि सूचना फलकावर मराठीत लिहून, कामगाराची सही घेऊन ठेवणे हे काम आता पूर्णपणे मालकावर आले आहे.